सुप्रीमकाका ओट्यावरून उतरले

दिल्लीच्या सुप्रीम कोर्टातला न्यायाधीश पासष्टाव्या वर्षी घरी जातो आणि हायकोर्टातला बासष्टाव्या, हे माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण आमच्या शेजारी जो माणूस राहत होता, त्याच्या शेजारी राहून ते ठाऊक न होणं कठीण होतं. सकाळी वाडीला पाणी सोडतानासुद्धा त्यांचं तेच चाललेलं असायचं. "आज एक उतरला बरं का," असं कुंपणावरून ओरडून सांगायचे. नवीन माणसाला वाटायचं, माडावरून कोणी उतरलं.

त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. गावात तरी कुठे कोणी घेत होतं? सगळे त्यांना सुप्रीमकाका म्हणायचे. तोंडावरही आणि मागेही.

आमचे हे बोईसरला केमिकलच्या कंपनीत होते. लग्न झाल्यावर मी जळगावकडून आले ती सालवडच्या एका खोलीत. मुलींची लग्नं झाली, ह्यांची नोकरी संपत आली, तेव्हा तारापूरच्या अलीकडे एका गावात दोन गुंठ्यांचा तुकडा घेऊन घर बांधलं. पुढे चिकूच्या आणि नारळाच्या वाड्या, मागे खाडीचा बांध, मधे आम्ही. डाव्या हाताला वासूची वाडी आणि उजव्या हाताला सुप्रीमकाकांची. दोघांचीही घरं रस्त्याला लागून.

घरात राहायला गेले त्या दिवशी मी चांगला साजूक तुपातला शिरा केला आणि ताटली घेऊन काकांकडे गेले. ते ओट्यावर बसले होते. ओटा म्हणजे घरापुढचा लांबलचक चौथरा, शेणानं सारवलेला, पुढे तीन पायऱ्या. उंच, किडकिडीत माणूस, पांढरा सदरा, गुडघ्यापर्यंत पंचा. ताटलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुमी इथं राहणार ना?" म्हणाले.

"हो."

"मंग कधीतरी भांडणार. भांडलात की माझ्याकडं येणार. आज तुमचा शिरा खाल्ला तर उद्या तुमच्या विरुद्ध बोलायला जीभ वळंल काय माझी?"

मी ताटली घेऊन तशीच उभी. असला मान कुठे मिळाला नव्हता मला. तेवढ्यात मागच्या दारातून काकी आल्या, माझ्या हातातली ताटली घेतली आणि म्हणाल्या, "द्या इकडं. मी काय कोर्ट नाय."

त्या गावात भांडण झालं की आधी शेजारी मिटवायचे. नाही मिटलं तर पोलीस पाटलाकडे. तिथेही नाही मिटलं तर काकांच्या ओट्यावर. त्याच्या वर काही नव्हतं. भांडणं तरी कसली, तर ह्याच्या माडाचा नारळ त्याच्या अंगणात पडला, तो कोणाचा? बकरी कोणाची आणि मुळा कोणाचा? पाटाचं पाणी आधी कोण घेणार? पण दोन नारळांवरून दोन सख्खे भाऊ सणालासुद्धा एकमेकांकडे जात नव्हते, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा ह्याला लहान म्हणू नका.

काका लगेच निकाल देत नसत. दोघांचं ऐकायचे, मग जागेवर जायचे, आणि ज्या वेळेला भांडण झालं त्याच वेळेला जायचे. सकाळी झालं असेल तर सकाळी. म्हणायचे, सावली कुठं पडते ते बघावं लागतं, माणसं सावलीवरून पण भांडतात. निकाल सांगून झाला की एक नारळ फोडायचा. अर्धी वाटी ह्याला, अर्धी त्याला, आणि दोघांनी तिथेच उभं राहून खोबरं खायचं. खोबरं पोटात गेलं की विषय संपला. नारळ काकांच्याच वाडीतला असायचा. काकी म्हणायच्या, "लोकांची भांडणं आणि आमचे नारळ."

ह्या कामापायी हा माणूस गावात कोणाकडे जेवत नसे. लग्नाला जायचे, अक्षता टाकायचे आणि घरी येऊन भात-आमटी खायचे. चहासुद्धा नाही. ज्याचं काही चालू असेल त्याला परत नमस्कारही करायचे नाहीत. आणि कुठल्याही गोष्टीवर साधं मत देत नसत. एकदा त्यांच्याच घरी मी विचारलं, "काका, काकींच्या हातची बोंबलाची चटणी कशी झालीय?" म्हणजे सहज, बोलायला काहीतरी. काका म्हणाले, "दुसरी बाजू समोर नाय. एका चटणीवर निकाल कसा देऊ?" काकींनी आतून भांडं आपटलं.

आता हे दिल्लीचं वेड कुठून आलं, ते काकींनीच मला सांगितलं, वाल सोलताना. काकांच्या वडिलांचा एक जमिनीचा खटला होता, चुलत्यांशी. तो वाढत वाढत दिल्लीपर्यंत गेला. काका तेव्हा तरणे होते, वडिलांबरोबर गेले होते. तिथे सगळं बोलणं झालं, वकिलांचं झालं, न्यायाधीशांनी मान हलवली आणि निकाल राखून ठेवला. म्हाताऱ्याला वाटलं, झालं, आता घरी पत्र येईल. पण तो लिहायच्या आतच त्या न्यायाधीशाची पासष्टी भरली. उतरले ते. मग पुन्हा नवे न्यायाधीश, पुन्हा पहिल्यापासून ऐकणं. तोवर काकांचे वडील गेले.

मी एकदा काकांना विचारलं, "शेवटी निकाल काय लागला हो?"

"उशिरा लागला," म्हणाले. 

त्या खटल्यापासून पेपर आला की काका आधी कोण कधी उतरणार ते बघायचे. सगळं तोंडपाठ. तिथला मोठा न्यायाधीश आपल्याकडल्या निवडणुकीसारखा ठरत नाही म्हणे. जो आधी आला तो पुढे, आणि पासष्ट झाली की खाली. त्यामुळे कोण कधी वर बसणार आणि किती दिवस बसणार, हे आधीच मांडता येतं. काहींच्या वाट्याला दोन वर्षं येतात, काहींच्या थोडे महिने, काहींना तर खुर्ची मऊ आहे की टणक ते कळायच्या आत उठावं लागतं. काका त्यांच्याबद्दल भाच्या-पुतण्यांसारखे बोलायचे. "बिचाऱ्याला पावसाळाच मिळाला," असं म्हणायचे. बोईसरचा झेरॉक्सवाला त्यांची मुद्दाम परीक्षा घ्यायचा. हा म्हणायचा, काका, चार वर्षांनी कोण? काका सांगायचे. तो मोबाईलवर बघायचा, तेच नाव निघायचं.

"पण हायकोर्टाला बासष्ट आणि वरच्याला पासष्ट, असं का?" मी विचारलं होतं.

"तेच मना कळत नाय. दिल्लीला गेला की मानूस तीन वर्षं उशिरा म्हातारा होतो काय?"

माझ्या धाकट्या जावयांनी एकदा सांगितलं, की अमेरिकेत मोठ्या कोर्टातले न्यायाधीश मरेपर्यंत बसतात. त्यांना वयच नाही. काका दोन दिवस अस्वस्थ होते. कुंपणापाशी येऊन मला म्हणाले, "मरेपर्यंत? मंग त्याला उतरवायला यमच यायला पायजे. आणि तो बसलेला मानूस रोज सकाळी काय इचार करत असंल? आज मी शहाणा हाय की नाय, हे त्याला कोन सांगनार?"

"घरची माणसं सांगतील."

"घरची मानसं कधी सांगत नायत. घरच्यांना त्याची खुर्ची आवडते."

मग घरातल्या सगळ्या वस्तूंना त्यांनी वय ठरवून दिलं. छत्रीला इतके पावसाळे, सायकलला इतकी वर्षं. छत्री पासष्टीला आली, म्हणजे तिच्या हिशेबानं, तेव्हा तिला खुंटीवरून काढून हळद-कुंकू लावलं आणि माळ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी पाऊस आला. भिजत फिरले, पण छत्री काढली नाही. एक म्हातारा कोंबडा होता, त्याला कापायचा नाही असं ठरलं, कारण तो निवृत्त झाला होता. मी म्हटलं, "काका, काकींचं वय किती ठरवलंय?"

"तिची अमेरिकन नेमणूक हाय. तहहयात."

आतून काकी म्हणाल्या, "तिकडं राजीनामा देता येतो काय?"

"येतो. पन कुनी देत नाय."

स्वतःचं मात्र त्यांनी कधीच जाहीर करून टाकलं होतं. पासष्ट पूर्ण झाली की ओटा सोडणार. त्या दिवसानंतर आपण दिलेला निकाल म्हणजे नुसती बडबड, तो कोणी मानायचा नाही, असं ओट्यावर बसून चारचौघांत म्हणालेले. शाळेत त्यांची जन्मतारीख एक जून. आता एक जून म्हणजे काय, ते आपल्या पिढीला सांगायला नको. मास्तरांना शाळा सुरू करायची असायची, आईबापांना तारीख आठवत नसायची, मास्तर पोराकडे बघून साल ठोकून द्यायचे आणि पुढे एक जून लिहायचे. आमच्या ह्यांची एक जून, माझ्या भावाची एक जून, वासूच्या वडिलांची एक जून. अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मलाय.

तर येत्या जूनला काका उतरणार, असं सगळ्या गावाला माहीत होतं. त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर माझं प्रकरण त्यांच्यापुढे गेलं.

झालं असं, की आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोईसरला दवाखान्यात नेऊन व्यायाम करून घ्यायचे, एक दिवसाआड. डॉक्टर म्हणाले, आता सहा-आठ महिने नेटानं केलं तर माणूस काठी धरून चालेल, खंड पडला तर खाटेला लागेल. त्यासाठी रिक्षा दारात यायला हवी. आमच्या घराला रस्त्यापासून यायची वाट वासूच्या वाडीच्या कडेनं होती. आम्ही तीच वापरत आलो. आणि त्याच दिवाळीत वासूनं तारेचं कुंपण घातलं.

वासू वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते. त्याच्या चिकूच्या कलमांत गुरं शिरत होती, रिक्षा वळताना एक कलम मोडलं होतं. वाट त्याच्याच जमिनीतून, कागदावर आमचा काही हक्क लिहिलेला नाही. तो म्हणाला, "मावशी, मागच्या बांधावरनं जा." बांधावरून चांगला माणूस घसरतो. तारेलगत उरलेल्या चिंचोळ्या जागेतून ह्यांना खुर्चीत बसवून दोन माणसांनी उचलून न्यायचं, तर खुर्ची मध्येच अडकायची. रिक्षावाला भय्या रस्त्यावरूनच हात हलवायचा, "चाचीजी, गाडी अंदर नही जायेगी." दोन फेऱ्या बुडाल्या तेव्हा मी ओट्यापुढे जाऊन उभी राहिले. पालघरला कोर्ट आहे, मोठं आहे, पण तिथली तारीख आणि ह्यांचा पाय, दोघांनी एकमेकांसाठी थांबायला हवं होतं.

काकांनी माझा नमस्कार घेतला नाही. वासूचाही नाही. दोघांचं ऐकलं. मधेच कोणीतरी म्हणालं, "काका, एवढं कशाला? तुमच्याच बाजूनं वाट द्या की. ओट्याच्या पायऱ्या काढल्या तर रिक्षा जाईल."

काका असे तापले! "मी इथं बसलोय ते कुनाचा हक्क काय ते सांगायला. माझ्या खिशातनं दिलं तर तो न्याय नाय, दान झालं. उद्या प्रत्येक जन भांडन घेऊन येईल आणि माझंच अंगन मागंल."

जागेवर आले. दवाखान्याच्या वेळेला आले, रिक्षा बोलावून ठेवली होती. ती वळते किती, चाक कुठे लागतं, ते बसून बघितलं. मग निकाल सांगितला. आजाऱ्याला न्यायची वाट बंद करता येणार नाही. वासूनं रिक्षेपुरती तार मागे घ्यावी, मावशीनं कलमांना दगडाची कड लावून द्यावी, वाट आजाऱ्यापुरती, गुरांना नाही. नारळ फोडला. वासूनं खोबरं खाल्लं, मी खाल्लं. तार मागे गेली. ह्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि माघात ह्यांच्या उजव्या हाताची बोटं हलली.

फाल्गुनात वासू एका लग्नाला मासवणला गेला. तिथे पंगतीत त्याच्या शेजारी बसली काकांची थोरली बहीण. ती मासवणला दिलेली, ऐंशी ओलांडलेली, दात नाहीत पण आवाज असा की पंगत वाढणारा थबकावा. बोलता बोलता ती भावाचं कौतुक करायला लागली. "माझ्या लग्नाला पाणी पायजे म्हनून बापानं विहीर बांधली. वरचा कट्टा ओला होता, आणि ह्या लबाडानं त्यात पाय रोवला. दुडूदुडू चालत होता. मी नवरी असून उठून त्याला धपाटा घातला."

वासूच्या हातातला घास हातातच राहिला.

काकांच्या परड्यातली ती विहीर गावाला माहीत. कट्ट्यावर साल कोरलंय आणि सालाशेजारी लहान मुलाच्या पायाचा ठसा आहे. मीसुद्धा तिथे कपडे धुतलेत, त्या ठशात साबण ठेवलाय. कोणाचा पाय, असं कोणी विचारलं नव्हतं. आणि शाळेच्या हिशेबानं काका जन्मले ते त्या सालाच्या पुढच्या वर्षीच्या जूनला. जो जन्मलाच नाही त्याचा पाय सिमेंटात कसा? म्हणजे मास्तरांनी किमान दोन वर्षं चोरली होती. म्हणजे माझ्या वाटेचा निकाल दिला तेव्हा काकांची पासष्ट केव्हाच उलटली होती.

वासू दुसऱ्याच दिवशी ओट्यापुढे आला. मी तिथेच होते, काकींना मेथी निवडून देत होते.

"काका, राग नका मानू," वासू म्हणाला, "पन तुमीच म्हनालेलात, पासष्टीनंतरचा निकाल म्हंजे बडबड."

आणि त्यानं सगळं सांगितलं. मला वाटलं काका हसतील, हाकलून देतील. वासूनं खोबरं खाल्लं होतं, नारळानंतर बोलायची रीत नव्हती. मी तेच म्हणाले. काकांनी माझ्याकडे हात केला, गप्प राहायला.

"नारळ फोडनारा तिथं बसायला लायक होता की नाय, हे आधी ठरवायला पायजे," ते म्हणाले. "तक्रार आलीय. ऐकावी लागंल."

"ऐकणार कोण?" वासूनं विचारलं. "तुमच्या वयाचा निकाल तुमीच देनार?"

हे मात्र काकांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या वर कोणी नव्हतंच. मग आत वळून म्हणाले, "अगो, बाहेर ये. बस इथं."

काकी हात पुसत आल्या. "मना भात लावायचा हाय."

"भात मंग. इतकी वर्षं दाराआडून सगळं ऐकलंस. आज निकाल दे."

"मी?"

"तू."

रविवारी मासवणहून बहिणीला रिक्षानं आणलं. गाव जमलं होतं. काका खाली उभे राहिले, जिथे आम्ही उभे राहायचो तिथे, आणि काकी ओट्यावर मांडी घालून बसल्या. त्यांनी त्या दिवशी चांगलं लुगडं नेसलं होतं, ते मात्र मी बघितलं. बहिणीला विहिरीपाशी नेलं. तिनं वाकून ठशावरून हात फिरवला.

"ह्याचाच. अंगठा बघा, बाजूला पळालेला. दाखव रे पाय."

काकांनी चप्पल काढून पाय दाखवला. अंगठा तसाच, बाकीच्या बोटांशी भांडून बसलेला. लोक हसले. काका हसले नाहीत. आपल्या पायाकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

काकी परत ओट्यावर बसल्या. वासूला विचारलं, तुझं काही राहिलं का? मला विचारलं, मावशी, तुमचं? मी म्हणाले, "काकी, ह्यांची बोटं हलायला लागलीत. आता फेऱ्या बुडाल्या तर..." काकींनी मान खाली घातली. रोज माझ्याबरोबर मेथी निवडणारी बाई, मला वाटलं ही माझ्या बाजूनं बोलेल.

"ह्यांची पासष्ट मागंच झाली," काकी म्हणाल्या. "तवापासून हे ओट्यावर नुसते बसलेले होते. ज्यांनी मनानं मानलं, त्यांचं त्यांच्यापाशी. वासूला मानायचं नाय, तर वासूवर जोर नाय. त्याची तार त्यानं लावावी." मग जरा थांबून, "मावशी, मना माफ करा. पन ह्यांनीच शिकवलंय."

वासू उठला, काकींना नमस्कार करून गेला. काकींनी तो घेतला नाही. संध्याकाळच्या आत तार पुन्हा पुढे आली.

मी घरी आले. ह्यांना काय सांगायचं, ते कळेना. ते खाटेवर बसून डाव्या हातानं उजवी बोटं चोळत होते. मी सांगितलं. ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." मला इतका राग आला होता, की मी त्यांना पाणीसुद्धा जोरात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर काका आणि काकी ओट्यावर शेजारी शेजारी बसलेले. दिल्लीला तसं करतात म्हणे, शेवटच्या दिवशी जाणारा न्यायाधीश आणि मोठे न्यायाधीश एकत्र बसतात. काकांनी ते मोबाईलवर मला दाखवलं होतं. त्यांचं ते बसणं संपलं तशा काकी उठून आत गेल्या. काका पायऱ्या उतरले, पडवीतून कोयता आणि पहार काढली आणि आमच्या बाजूच्या मेंदीच्या कुंपणावर कोयता चालवायला लागले.

मी धावत गेले. "काका, हे काय?"

"कुंपन माझं हाय."

"अहो, पण तुम्हीच म्हणाला होतात, खिशातून दिलं तर न्याय नाही."

"न्यायाधीशानं द्यायचं नाय," काका म्हणाले. "मी काल उतरलो. आता मी शेजारी हाय."

मेंदी गेली, मग पहार पायऱ्यांवर आली. तिन्ही पायऱ्या गेल्या, तरी रिक्षेला जागा पुरेना, तेव्हा ओट्याचा एक बाजूचा भाग काढावा लागला. जिथे ते इतकी वर्षं बसले, नेमका तो. दगड उचलायला दोन माणसं होती. आणि दुपारी एक तिसरा येऊन पहारीला लागला, तो वासू. कोणी त्याला बोलावलं नव्हतं. काका त्याला म्हणाले, "तुझी तार काढू नको हां. तुझा निकाल लागलाय." तो म्हणाला, "नाय काढत. दगड तर उचलू द्या."

ह्यांची एक फेरी बुडाली, तेवढीच. पुढच्या वेळी रिक्षा काकांच्या अंगणातून आत आली. ओट्याचा जो तुकडा उरला होता, त्यावर काका बसलेले असायचे पाय खाली सोडून. रिक्षा आली की पाय वर घ्यायचे, ती गेली की पुन्हा खाली सोडायचे. आत बसलेले हे डावा हात कपाळाला लावायचे, आणि काका दोन्ही हात जोडून परत नमस्कार करायचे. आधीच्या सगळ्या वर्षांचे राहिलेले नमस्कार करत असल्यासारखे. पावसाळ्यानंतर हे काठी धरून उभे राहिले. चालले म्हणणार नाही, पण संडासला आपले आपण जायला लागले. ज्याच्या घरी असं झालंय, त्याला कळेल ते केवढं असतं.

भांडणं कुठे थांबतात? लोक येतच राहिले. काका अंगठा मागे करून दाखवायचे, "आत जा. तिची तहहयात नेमणूक हाय." काकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ऐकायच्या आणि हातातलं काम सोडायच्या नाहीत. पण त्यांनी एक नियम केला. आपल्याला वय कळणार नाही, म्हणून दरवर्षी एकदा मासवणच्या नणंदेला आणायचं आणि तिनं विचारायचं ते विचारायचं. तिला वाटलं काकी शहाणी आहे, तर पुढचं वर्ष. ती नणंद काय विचारायची, ते दोघींनी कधी कोणाला सांगितलं नाही.

मी त्या दसऱ्याला काका-काकींना जेवायला बोलावलं. काका येतील असं वाटत नव्हतं. पण आले, नव्या वाटेनं, इस्त्रीचा सदरा घालून, आणि पाटावर बसले. गावात कोणाच्या घरी जेवायला बसले ते तेव्हा पहिल्यांदाच. मी आमच्याकडचं केलं होतं, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, आणि काकांनी तेव्हा न शिवलेला तो साजूक तुपातला शिरा. काकांनी पहिला घास घेतला, चावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ह्यांनीसुद्धा काठी बाजूला ठेवली.

"भरीत चांगलं झालंय," काका म्हणाले. "मीठ जरा कमी हाय."

काकी म्हणाल्या, "हा निकाल समजायचा काय?"

"नाय गो," काका म्हणाले आणि मिठासाठी हात पुढे केला. "नुसतं सांगतो."